सलग तिसऱ्यांदा? अमेरिकेत एकाच पक्षाचा लांब पट्टा आता का दिसत नाही

तिरफळ

लेकीला शाळेतून एक उद्योग दिलाय. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची कालपट्टी करून आणायची आणि कोण कोणत्या पक्षाचा ते रंगाने दाखवायचं. चार वर्षांना एक इंच असं माप धरलं. २०२४ची निवडणूक साठावी, म्हणजे पट्टी बरोबर पाच फुटांची झाली. काल रात्री जेवणं उरकल्यावर ओट्यावर पसरून आम्ही दोघी रंगवत बसलो. रिपब्लिकन लाल, डेमोक्रॅट निळे, व्हिग पिवळे, जेफरसनचा जुना पक्ष हिरवा, फेडरलिस्ट तपकिरी. वॉशिंग्टन कोरा, कारण तो कुठल्याच पक्षात नव्हता.

झाल्यावर लांबून पाहिलं तर एखाद्या साडीसारखी दिसत होती. मधूनमधून रुंद काठ, आणि उजवीकडे येता येता नुसती बारीक चौकडी. १८०१पासून हिरवा सात इंच. १८६१पासून लाल सहा इंच. १८९७पासून पुन्हा लाल चार इंच. १९२१पासून लाल तीन आणि त्याला चिकटून निळा पाच इंच, म्हणजे रूझवेल्ट आणि ट्रुमन. १९५३पासून पुढे मात्र इंच मोजत गेलात तर असं येतं: दोन, दोन, दोन, एक, तीन, दोन, दोन, दोन, एक, एक, एक. तो मधला 'तीन' म्हणजे रेगनची दोन आणि थोरल्या बुशचं एक. गेल्या सत्तर वर्षांत सलग तीन निवडणुका जिंकणं एवढ्या एकाच वेळी जमलंय.

लेक म्हणाली, "आई, पूर्वीच्या लोकांना कंटाळा येत नव्हता का?"

मी या प्रश्नावर अडकलेय. माझं स्वतःचं मत असं की पक्ष आवडतो म्हणून पट्टा लांबत नाही. समोरच्याने एवढं काहीतरी करून ठेवलेलं असतं की त्याला परत उंबऱ्याच्या आत घ्यायला लोक धजत नाहीत. रिपब्लिकन हूव्हरचंच बघा. १९२८ला ४४४ इलेक्टोरल मतं (राज्यागणिक मिळणारी ही मतंच राष्ट्राध्यक्ष ठरवतात) घेऊन आला. चार वर्षांनी ५९ उरली, राज्यं फक्त सहा. मधे १९२९ची मंदी, बुडालेल्या बँका, चारातला एक कामगार बेकार. बेघरांच्या झोपडपट्ट्यांना लोक त्याचंच नाव देत होते. पुढे डेमोक्रॅटांच्या समोर लँडन असो, विल्की असो की ड्युई, ते लढले हूव्हरशीच. १९३६ला तर ५२३ विरुद्ध ८. फक्त मेन आणि व्हर्मॉन्ट ही दोन राज्यं रिपब्लिकनांकडे उरली.

१८९६चंही तेच. १८९३ला डेमोक्रॅट क्लीव्हलंडच्या अंगावर मंदी कोसळली, रेल्वे कंपन्यांची दिवाळी निघाली. त्यात डेमोक्रॅटांनी ब्रायन या एकाच माणसाला तीनदा उभं केलं. १८९६, १९००, १९०८. तीनदा आपटला.

पण माझ्याच सिद्धांताला एक भोक आहे. २००८चं आर्थिक संकट धाकट्या बुशच्या काळात आलं. मग डेमोक्रॅटांना वीस वर्षं का नाही मिळाली? आठच का? जाणकारांनी लिहावं.

आणि एक तातडीचा प्रश्न. लिंकननंतरच्या अँड्र्यू जॉन्सनला कोणता रंग द्यायचा? तो होता डेमोक्रॅट, पण निवडून आला लिंकनबरोबर. सध्या तो चौकोन पेन्सिलीने हलकाच ठेवलाय.

चिंचेचा_कोळ

पट्टी मस्तच. फोटो टाका.

रंगांवरून आठवलं. लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळे म्हणजे डेमोक्रॅट हे आता वेदवाक्य वाटतं, पण ते पक्कं झालं २०००च्या फ्लोरिडातल्या मतमोजणीच्या घोळानंतर. त्याआधी ज्याची वाहिनी त्याचा रंग. १९८०च्या रात्री एनबीसीच्या नकाशावर रेगनची राज्यं निळी होती.

पेठेतला_पाहुणा

सात इंची हिरव्याबद्दल थोडं.

जेफरसन दोनदा, मॅडिसन दोनदा, मन्रो दोनदा. तिघेही व्हर्जिनियाचे. समोरचे फेडरलिस्ट १८१२च्या युद्धाला विरोध करून बसले, युद्ध संपल्यावर ते देशद्रोही ठरले आणि पक्ष हळूहळू विरून गेला. १८२०ला मन्रोसमोर कुणी उभंच नव्हतं. एक सोडून सगळी इलेक्टोरल मतं त्याला. ते एक मत न्यू हॅम्पशायरच्या विल्यम प्लमरचं. एकमताने निवडून येण्याचा मान फक्त वॉशिंग्टनचाच राहावा म्हणून त्याने असं केलं, ही गोष्ट बरीच वर्षं सांगितली गेली. खरं म्हणजे त्याला मन्रो पसंत नव्हता, एवढंच.

मजा पुढे आहे. विरोधक संपल्यावर १८२४ला चार उमेदवार उभे राहिले आणि चौघेही एकाच पक्षाचे! कुणालाच बहुमत नाही, निर्णय प्रतिनिधिगृहात गेला. लोकांची आणि इलेक्टोरल अशी दोन्ही मतं जॅक्सनला जास्त होती, खुर्ची मिळाली जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सला. जॅक्सनचे लोक इतके खवळले की त्यातून पुढे डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. म्हणजे तुमचा सातवा हिरवा इंच कागदावर पक्षाचा विजय आहे आणि प्रत्यक्षात पक्षाची वाटणी.

कोपऱ्यातला_बाक

आपल्याकडे काँग्रेसने १९५२पासून लोकसभेच्या सलग पाच जिंकल्या होत्या, बंगालात डाव्यांनी चौतीस वर्षं काढली. त्यावर पण

चिंचेचा_कोळ

@कोपऱ्यातला_बाक, नको! इथे भारतीय राजकारण शिरलं की शंभर प्रतिसाद होतात आणि एकातही लिंकन नसतो. :)

काळी_माती

१८६० ते १८८० या सहा इंचांवर लिहायचा मोह आवरत नाही. लांबेल, पण वाचा.

आधी १८६०. लिंकनला लोकांची मतं चाळीस टक्क्यांच्याही आत. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याच्या नावाला मत देण्याची सोयच नव्हती. पण डेमोक्रॅट उत्तर-दक्षिण असे फुटले होते, चौथाही एक उमेदवार होता, आणि उत्तरेतली राज्यं लिंकनने जवळपास सगळी घेतली. १८० इलेक्टोरल मतं, सरळ बहुमत.

१८६४ला दक्षिणेतली अकरा राज्यं मतदानातच नव्हती, ती बंड करून बाहेर पडली होती. तरीही लिंकनला उन्हाळ्यापर्यंत हरण्याची धास्ती होती. म्हणून रिपब्लिकनांनी नाव बदलून 'नॅशनल युनियन' अशी पाटी लावली आणि उपाध्यक्षपदाला टेनेसीचा डेमोक्रॅट जॉन्सन घेतला. (तिरफळताई, तुमचा चौकोन इथे अडकलाय.) सप्टेंबरात शर्मनने अटलांटा घेतलं आणि वारं फिरलं.

१८६८ला ग्रँट आला तो दक्षिणेतल्या नव्याने मताधिकार मिळालेल्या काळ्या पुरुषांच्या मतांवर. त्या मतांशिवाय त्याला लोकमतात आघाडी मिळाली नसती असं बरेच अभ्यासक मानतात. व्हर्जिनिया, मिसिसिपी आणि टेक्सास तेव्हाही बाहेरच होती. १८७२ला पुन्हा ग्रँट. समोरचा उमेदवार ग्रीली निवडणूक हरल्यावर आणि इलेक्टोरल मतं पडायच्या आतच वारला.

आणि मग १८७६. टिल्डन डेमोक्रॅट, हेझ रिपब्लिकन. लोकांच्या मतांत टिल्डन तीन टक्क्यांनी पुढे. इलेक्टोरल मतांत त्याला १८४, बहुमताला हवी १८५. फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना इथून प्रत्येकी दोन-दोन निकाल आले, शिवाय ओरेगनचं एक मत वादात. अशी वीस मतं अडकली. काँग्रेसने (म्हणजे तिकडच्या संसदेने) पंधरा जणांचा आयोग नेमला: पाच सेनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायाधीश. पंधरावा माणूस तटस्थ म्हणून न्यायमूर्ती डेव्हिसना घ्यायचं ठरत होतं, तर इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना मधेच सेनेटवर निवडून दिलं आणि ते आयोगातून बाहेर पडले. त्यांच्या जागी ब्रॅडली आले. वीसच्या वीस मतं आठ विरुद्ध सात अशा फरकाने हेझच्या पदरात. १८५–१८४. त्याचं नाव रदरफर्ड, लोक त्याला 'रदरफ्रॉड' म्हणायला लागले.

पण डेमोक्रॅट गप्प का बसले? पडद्यामागे देवाणघेवाण झाली असं मानलं जातं. काहीही असो, हेझने खुर्चीत बसल्यावर साउथ कॅरोलिना आणि लुइझियानातल्या सरकारांमागचं लष्कर काढून घेतलं. दक्षिणेतली उरलीसुरली रिपब्लिकन सरकारं कोसळली आणि पुढे काळ्यांचा मताधिकार पद्धतशीरपणे मोडून काढला गेला.

हे वाचताना मला नेहमी आपले जोतीराव आठवतात. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून. तेव्हा ग्रँटची दुसरी कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती. त्याच वर्षी तिकडे मंदी आली, पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांकडे गेलं, आणि उत्तरेतले लोक दक्षिणेतल्या काळ्यांच्या प्रश्नाला कंटाळले. तुमच्या लेकीचा प्रश्न बरोबर आहे. लोकांना कंटाळा आला होता. फक्त पक्षाचा नाही, ज्या कामासाठी पक्ष जन्मला त्या कामाचा. पक्ष मात्र १८८०ला पुन्हा जिंकला, दहा हजारांहून कमी मतांच्या आघाडीने.

त्या सहा लाल इंचांत मला तरी सहा विजय दिसत नाहीत. एकात अर्धा देश गैरहजर, एकात आयोग, एकात केसभर फरक.

तिरफळ

काळी_माती, लेकीला वाचून दाखवलं. तिने १८७६च्या जागी लाल रंगावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय.

पण मग माझा 'समोरच्याचं पाप' हा मुद्दा इथे बसतोच की. युद्ध संपल्यावर पंधरा-वीस वर्षं रिपब्लिकन प्रत्येक सभेत हेच सांगत होते की डेमोक्रॅट म्हणजे बंडवाले.

काळी_माती

बसतो. 'रक्ताळलेला सदरा फडकवणे' असा त्यावर वाक्प्रचारच पडला होता. माजी सैनिकांना सांगायचे, जिकडे गोळी झाडलीत तिकडेच मत द्या. पण प्रत्येक निवडणुकीत त्या सदऱ्याचा भाव उतरत गेला. १८८४ला न्यूयॉर्क राज्य अकराशेच्या आसपास मतांनी गेलं आणि त्याबरोबर देशही. क्लीव्हलंड आला.

सरळसोट

एवढा काथ्याकूट कशाला? उत्तर एका ओळीत आहे: बाविसावी घटनादुरुस्ती. १९४७ला काँग्रेसने मंजूर केली, १९५१ला लागू झाली. दोनदाच्या वर कुणी निवडून यायचं नाही. रूझवेल्ट चारदा आला म्हणून तर केली. पट्टी १९५३पासूनच बारीक होते हा योगायोग नाही. दुरुस्ती नसती तर आयझेनहॉवर १९६०ला आणि रेगन १९८८ला सहज उभे राहिले असते.

पेठेतला_पाहुणा

@सरळसोट, एका ओळीत मावत नाही. ट्रुमनच घ्या. दुरुस्तीच्या मजकुरातच त्याला सूट होती, तो १९५२ला उभा राहू शकत होता. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत कीफॉव्हरकडून हरला आणि महिनाअखेरीस माघार घेतली. त्याला घटनेने नाही, कोरियाच्या युद्धाने आणि वीस वर्षांच्या शिळेपणाने घरी बसवलं.

शिवाय दुरुस्तीच्या आधीचे लाल पट्टे एका माणसाचे नव्हतेच. १८९६ ते १९०८ मध्ये मॅकिन्ली दोनदा, मग थिओडोर रूझवेल्ट, मग टाफ्ट. १९२०च्या दशकात हार्डिंग, कूलिज, हूव्हर. माणसं बदलूनही पक्ष टिकत होता.

सरळसोट

टिकत होता, मान्य. पण पाहा ना, आता आठ वर्षांनी बिचाऱ्या उपाध्यक्षाला उभं करतात आणि तो पडतो. १९६०ला निक्सन पडला, १९६८ला हम्फ्री, २०००ला गोर, २०२४ला तर चारच वर्षांनी हॅरिस. मुळात उपाध्यक्षाची गोची अशी की साहेबाच्या चुका त्याच्या नावावर आणि साहेबाची पुण्याई साहेबाकडेच. निक्सनच्या कुठल्या कल्पना तुम्ही अमलात आणल्या, असं पत्रकारांनी विचारल्यावर आयझेनहॉवर म्हणाला होता की आठवडाभर वेळ दिलात तर एखादी आठवेल! हम्फ्रीला व्हिएतनामवर लिंडन जॉन्सनच्या विरोधात बोलता येईना. गोर क्लिंटनपासून इतका लांब पळाला की चांगल्या अर्थव्यवस्थेचं श्रेयही मागे सोडून गेला. हॅरिसबाईंना टीव्हीवर विचारलं की बायडनपेक्षा तुम्ही काय वेगळं केलं असतं, तर पटकन काही आठवेना.

गोठलेलं_तळं

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. विषयच असा निघाला.

मी १९८४च्या ऑगस्टात मिनियापोलिसला शिकायला आलो. अंगात पुण्याचा स्वेटर, खिशात मोजके डॉलर. नोव्हेंबरात निवडणुकीच्या रात्री वसतिगृहाच्या खालच्या खोलीत टीव्हीसमोर सगळे जमले होते. नकाशावर एकामागून एक राज्य रेगनच्या रंगाने भरत गेलं. मला मत नव्हतं, गणितही कळत नव्हतं, पण शेजारचा मुलगा दर राज्याला उशीत तोंड खुपसायचा ते आठवतं. शेवटी एकोणपन्नास राज्यं रेगनकडे. मॉन्डेलकडे राजधानीचा जिल्हा आणि आमचं मिनेसोटा, तेही चार हजारांहून कमी मतांनी. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा किराणावाला मला म्हणाला, "वेलकम, तू चुकीच्या राज्यात आलास." तो स्वतः रेगनवाला होता.

त्या रात्री वाटलं होतं, आता डेमोक्रॅट संपले. मोठमोठे लोक लिहीत होते की इलेक्टोरल कॉलेजला रिपब्लिकनांनी कुलूपच घातलंय. १९६८ ते १९८८ मध्ये सहापैकी पाच त्यांनी जिंकल्या होत्या, एकटा कार्टर अपवाद.

पण तो तिसरा विजय, १९८८चा, मी जवळून पाहिला आणि तो सोपा नव्हता. जुलैत डेमोक्रॅटांचा ड्युकाकिस सतरा टक्क्यांनी पुढे होता. सतरा! थोरला बुश मरगळलेला दिसायचा. मग त्याने 'नवे कर नाहीत' ही शपथ घेतली, त्याच्या प्रचारवाल्यांनी ड्युकाकिसच्या चिंध्या केल्या, आणि ड्युकाकिसने शिरस्त्राण घालून रणगाड्यातून फेरी मारण्याची दुर्बुद्धी स्वतःच केली. उपाध्यक्षपदावरून थेट निवडून येणारा बुश हा १८३६च्या व्हॅन ब्युरेननंतरचा पहिलाच. १५२ वर्षं!

पुढचं सांगायलाच हवं. आखाती युद्धानंतर १९९१च्या मार्चमध्ये बुशला ८९ टक्के लोकांची पसंती होती. पुढच्या वर्षी त्याला मतं मिळाली साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. दरम्यान त्याने कर वाढवले होते, मंदी येऊन गेली होती पण नोकऱ्या परत आल्या नव्हत्या, आणि पेरो नावाच्या अब्जाधीशाने एकोणीस टक्के मतं नेली. पेरोला इलेक्टोरल मत एकही नाही. तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्या ऑफिसात कट्टर रेगनवालेसुद्धा म्हणत, "बारा वर्षं झाली यार." दुसरं काही कारण देत नसत.

नऊवारी_स्नीकर्स

काका, लिहीत राहा प्लीज!

आकडेमोड

मी जरा थंड पाणी ओततो. 'आठ वर्षांनी लोक कंटाळतात' हा नियम कशावर उभा आहे ते बघा.

१९६०: केनेडी आणि निक्सन यांच्यात पावणेसात कोटींहून अधिक मतांत साधारण सव्वा लाखाच्या आतला फरक.
१९६८: निक्सन आणि हम्फ्री, एक टक्क्याच्याही आत.
१९७६: ओहायोत अकरा हजार आणि हवाईत सात हजार मतांची आघाडी. या दोन राज्यांत मिळून साडेनऊ हजार लोकांनी इकडचं तिकडे केलं असतं तर फोर्ड राहिला असता.
२०००: फ्लोरिडा, ५३७ मतं. देशभरात गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे.
२०१६: मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास. देशभरात हिलरी क्लिंटन अठ्ठावीस लाखांहून अधिक मतांनी पुढे.

पाचही वेळा सत्ताधारी पक्ष तिसऱ्या विजयाच्या दारात उभा होता. ही पाच नाणी उलटी पडली असती तर तिरफळताईंच्या पट्टीवर उजवीकडेही जाड काठच दिसले असते आणि आपण इथे 'आधुनिक अमेरिकेत एकच पक्ष का टिकतो' यावर चर्चा करत बसलो असतो. लोकांच्या एकूण मतांवर रंगवलं तर २००८, २०१२, २०१६, २०२० अशी डेमोक्रॅटांची सलग चार होतात.

काळी_माती

@आकडेमोड, यादी झकास. पण पाच नाणी आणि पाचही सत्ताधाऱ्याच्या विरुद्ध पडली? बत्तिसात एक. आणि २००८ सोयीस्करपणे गाळलंत. तिथे फरक सात टक्क्यांचा होता.

मला यातून उलटं दिसतं. आठ वर्षांत पक्षाची पुंजी अशी झिजते की चार वर्षांपूर्वी हसत जिंकलेला सामना नाणेफेकीवर येतो. १९७२ला निक्सनने एकोणपन्नास राज्यं घेतली होती. चार वर्षांनी ओहायोसाठी रडारड. अर्थात मधे वॉटरगेट होतं.

आकडेमोड

२००८चं मान्य, मुद्दाम नाही गाळलं. पण ट्रुमनचं १९४८ही नाणंच होतं हे विसरू नका. डेमोक्रॅट तीन तुकड्यांत फुटलेले, दक्षिणेतले थरमंडच्या मागे, डावे वॉलेसच्या मागे. शिकागोच्या एका पेपराने तर 'ड्युईने ट्रुमनला हरवलं' असा मथळाही छापून टाकला. ओहायो फक्त सात हजारांनी आलं, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय एक टक्क्याच्या आत. निळ्या पट्टीचा तो पाचवा इंच फार थोडक्यात वाचलाय.

चिंचेचा_कोळ

आणि १९१२ उलटं. थिओडोर रूझवेल्ट रुसून वेगळा उभा राहिला. त्याची आणि टाफ्टची मतं मिळून निम्म्याहून जास्त होतात, पण विल्सन बेचाळीस टक्क्यांवर ४३५ इलेक्टोरल मतं घेऊन गेला. टाफ्टला ८. गादीवरच्या राष्ट्राध्यक्षाला आठ! घरातलं भांडण.

पेठेतला_पाहुणा

एक गोष्ट कुणीच काढली नाही. पट्टी व्हाईट हाऊसची आहे म्हणून चौकडी दिसते. प्रतिनिधिगृहाची रंगवली असती तर? १९५५ ते १९९५ सलग चाळीस वर्षं डेमोक्रॅट. आयझेनहॉवर, निक्सन, फोर्ड, रेगन, बुश येऊन गेले, सभागृह हललं नाही. दक्षिणेतला मतदार राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन निवडायचा आणि आपला जुना डेमोक्रॅट खासदार तसाच ठेवायचा. म्हणजे लांब पट्टे संपले नव्हते, ते दुसऱ्या इमारतीत राहायला गेले होते. आता अशी वाटून मतं देणारे फार थोडे राहिलेत.

नऊवारी_स्नीकर्स

मी पिट्सबर्गमध्ये राहते. १९३२ साली इथल्या 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वर्तमानपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी आपल्या वाचकांना सांगितलं होतं की लिंकनची तसबीर आता भिंतीकडे तोंड करून लावा. कर्ज फिटलं, असा सूर. १९३२ला फार जणांनी ऐकलं नाही, पण १९३६पर्यंत उत्तरेतला काळा मतदार मोठ्या संख्येने रूझवेल्टकडे गेला होता. आणि त्याच आघाडीत दक्षिणेतले वर्णद्वेष्टे गोरे डेमोक्रॅटही होते! एका छपराखाली इतकी वर्षं कसे राहिले कोण जाणे. १९४८ला थरमंड बाहेर पडला तो याच कारणाने.

'ब्लू वॉल'चंही सांगते. १९९२ ते २०१२ सहाही वेळा डेमोक्रॅटांकडे गेलेली अठरा राज्यं आणि राजधानीचा जिल्हा, मिळून २४२ इलेक्टोरल मतं. आमचं पेनसिल्व्हेनिया त्यात. २०१६च्या ऑक्टोबरात मी शनिवारी प्रचाराचे फोन करायला जायची. हातात यादी असायची त्यात आमच्या भागाची नावं कमी आणि ओहायोची जास्त, कारण "इथलं काय, येतंच." शेवटच्या आठवड्यात एका आजोबांनी फोनवर सांगितलं की पोरी, मी आयुष्यभर डेमोक्रॅट, तुझ्याशी बोलायला छान वाटतंय, पण या वेळी नाही. मी वहीत त्यांच्या नावापुढे 'नक्की नाही' असं लिहिलं. तो माझा खोटेपणा.

गोठलेलं_तळं

कुलूप काय, भिंत काय. दोन्ही शब्द मी या देशात ऐकले, दोन्ही वेळा ऐकून चार-आठ वर्षांतच मोडले.

काळी_माती

तिरफळताईंच्या २००८च्या भोकाला माझं उत्तर.

हूव्हर मंदीत साडेतीन वर्षं बसला होता. शेअर बाजार कोसळला ऑक्टोबर १९२९, रूझवेल्टने शपथ घेतली मार्च १९३३. तोवर देश तळाला टेकला होता आणि तळाचा मालक कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिथून जे काही होणार ते वरच. २००८ला लेहमन बँक बुडाली सप्टेंबरात, ओबामाने शपथ घेतली जानेवारीत. घसरण अजून चालूच होती. बेकारी दहा टक्क्यांवर गेली ती ऑक्टोबर २००९ला, म्हणजे ओबामाच्या खात्यावर. पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहातल्या त्रेसष्ट जागा गेल्या. डाग धुऊन निघाला नाही, तो दोघांत वाटला गेला.

तिरफळ

हे पटलं. माझा सिद्धांत थोडा बदलते मग: नुसतं पाप पुरत नाही, ते पुरेसा वेळ एकाच्याच अंगावर वाळावं लागतं.

एक लेकीच्या नजरेस आलं. उजवीकडच्या टोकाला जसे एक-एक-एक असे चौकोन आहेत तसेच बरोबर १८८५ ते १८९७ मध्ये आहेत. क्लीव्हलंड, हॅरिसन, पुन्हा क्लीव्हलंड. गेलेला माणूस परत आलाय तोही दोन्हीकडे. आणि त्या तीन चौकोनांनंतर लगेच चार इंची लाल.

सरळसोट

म्हणजे २०२८पासून सोळा वर्षं एकाच पक्षाची? कोणाची ते लेकीला विचारून सांगा, पैसे लावतो.

आकडेमोड

एका उदाहरणावरून?

तिरफळ

चार्ट काल शाळेत गेला. अँड्र्यू जॉन्सनचा चौकोन शेवटी तिरका दुभागून अर्धा लाल, अर्धा निळा केला. १८७६वरचं प्रश्नचिन्ह बाईंना आवडलं, त्यांनी बाजूला 'छान' लिहिलंय. गुण मात्र एक कापला. १८४१च्या जॉन टायलरला आम्ही सरळ पिवळा रंगवला होता. व्हिगांनी त्याला पाच महिन्यांत पक्षातून हाकलून दिलं होतं हे आमच्या दोघींच्याही गावी नव्हतं.

चिंचेचा_कोळ

टायलरला वॉशिंग्टनशेजारी बसवा. कोरा.

काळी_माती

वॉशिंग्टन स्वतःहून कोरा होता हो!